चीनच्या शहरातला शिकलेला अक्षरशत्रू

परदेशप्रवासाची वर्णने आपल्या वाचनात पुष्कळ येतात. त्यांत चीनचा विषय निघाला की बहुधा मोठी भिंत, मोठी लोकसंख्या, मोठे कारखाने आणि १९६२ चे युद्ध एवढ्यावर भागते. या लेखात त्यांपैकी काहीच नाही. चीनमधल्या एखाद्या शहरात परका माणूस गाडी कशी ओळखतो, जेवायला काय मागतो, पैसे कसे चुकते करतो आणि मुख्य म्हणजे समोरची पाटी वाचता येत नसताना दिवस कसा काढतो, एवढेच सांगायचे आहे. मी स्वतः चीनला गेलेले नाही. खरे सांगायचे तर पुण्याच्या पलीकडेही फारशी गेलेले नाही. तरी हा विषय घेतला, त्याला एक कारण घडले.

आमचे कारेगाव शिरूर तालुक्यात, पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर, रांजणगावच्या महागणपतीच्या शेजारी. गावाला लागूनच औद्योगिक वसाहत आहे. तिच्यात हायर या चिनी कंपनीचा फ्रीज वगैरे बनवण्याचा कारखाना आहे आणि इतर कारखान्यांतही चिनी यंत्रे पुष्कळ आहेत. माझा चुलतभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, वसाहतीतल्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम करतो. २०२४ च्या उन्हाळ्यात त्याला तीन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी चीनच्या छिंगताओ या शहरी पाठवले होते. तो परत आला त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर सगळी भावकी जमली. विमान कसे होते, थंडी होती का, साप खरेच खातात का, असे प्रश्न चारी बाजूंनी सुरू झाले. दादा माझ्या आईकडे वळून म्हणाला, "काकी, मी तिथं तीन महिने तुझ्यासारखा होतो."

आईला ते लगेच कळले. बाकीच्यांना थोडा वेळ लागला.

माझी आई शाळेत गेलेली नाही. पुण्याला दवाखान्यात जायचे असले की ती माझ्याकडून चिठ्ठी लिहून घेते. पुढच्या बाजूला कुठे जायचे ते, मागे घरचा फोन नंबर. वाकडेवाडीच्या स्थानकावर उतरली की ती एखादा चेहरा हेरते. शक्यतो पाठीला दप्तर असलेले पोर, कारण 'शिकणारं पोर वसकन अंगावर येत नाही', असा तिचा अनुभव. मग चिठ्ठी पुढे करते. परतीच्या गाडीची पाटी तिला वाचता येत नाही, पण 'शि' हे अक्षर तिला चित्रासारखे पाठ आहे. तेवढ्यावर ती शिरूरची गाडी ओळखते. एकदा याच 'शि'ने दगा दिला. गाडी शिक्रापूरपर्यंतच जाणारी होती. रात्री आठ वाजता ती तिथे रस्त्याच्या कडेला उभी होती आणि गावाकडचा ओळखीचा टेम्पो मिळून ती घरी येईपर्यंत आमच्यात कुणी जेवले नाही.

दादाचे तसे नाही. आयटीआय झाले, पुढे पदविका झाली. इंग्रजी वाचतो, यंत्रांचे नकाशे वाचतो. असा माणूस एका विमानप्रवासात अक्षरशत्रू होतो, ही गोष्ट मला विचार करण्याजोगी वाटली. म्हणून त्याला मी पुढचे कित्येक रविवार प्रश्न विचारून भंडावले, ग्रंथालयातून मिळाले ते वाचले, आणि त्यातून हा लेख झाला.

प्रथम कागदपत्रांचे उरकून घेते, कारण परक्या माणसाला तिथे पहिले दर्शन कागदाचेच होते. भारत आणि चीन यांच्यातली थेट विमाने २०२० साली बंद पडली होती, ती २०२५ च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली. त्यामुळे दादाला बँकॉकमार्गे जावे लागले. चीनमध्ये उतरल्यावर परक्या माणसाने आपण कुठे राहतो याची नोंद चोवीस तासांच्या आत पोलिसांकडे करायची असते. हॉटेलात उतरला तर हे काम हॉटेलवाले करतात, पण कुणाच्या घरी किंवा भाड्याच्या खोलीत राहिला तर स्वतः किंवा घरमालकाने ठाण्यात जायचे. हा कायदा २०१३ च्या जुलैपासून लागू आहे. पासपोर्ट सदैव जवळ बाळगायचा. फोनचे सिमकार्ड घ्यायचे तर पासपोर्ट, रेल्वेचे तिकीट काढायचे तर पासपोर्ट. आमच्या कारेगावात बिहारहून, ओडिशाहून पोरे कामाला येतात, खोली घेताना त्यांच्याकडे आधार कार्डाची प्रत मागतात, ती मागताना घरमालकाचा चेहरा कसा होतो ते मी पाहिले आहे. दादा म्हणतो, तिथल्या ठाण्यातला शिपाई त्या मानाने पुष्कळच गोड होता.

छिंगताओ हे शानतुंग प्रांतातले समुद्रकाठचे शहर. १८९८ ते १९१४ या काळात ते जर्मनांच्या ताब्यात होते, म्हणून जुन्या भागातल्या घरांची छपरे लाल कौलांची आहेत. दादाला कोकणाची आठवण झाली. विमानतळावर आणि भुयारी रेल्वेत इंग्रजी पाट्या आहेत. मोठ्या रस्त्यांच्या नावाखाली रोमन अक्षरेही असतात. खरी पंचाईत गल्लीत शिरल्यावर सुरू होते. खानावळीचा फलक, औषधांचे दुकान, बसचा मार्ग, दुधाची पिशवी आहे की दह्याची, संडासाचे दार पुरुषांचे की बायकांचे, सगळीकडे नुसती चित्रे.

ही चित्रे म्हणजे काय हे थोडे समजून घ्यावे लागेल. आपल्या बाराखडीत अक्षर म्हणजे आवाज. 'क' दिसला की कसा वाचायचा ते कळते, अर्थ कळो न कळो. चिनी लिपीत चिन्ह म्हणजे आधी अर्थ, आणि त्याचा आवाज पुष्कळदा वेगळा पाठ करावा लागतो. त्यामुळे आपल्याकडे लिहायला शिकलेला मुलगा न समजणारे संस्कृतही घडघडा वाचू शकतो, तर तिकडे चिन्ह माहीत नसेल तर शहाणा माणूसही अडतो. चिनी सरकारने १९८८ साली नेहमीच्या वापरातल्या चिन्हांची एक यादी केली. तिच्यात आधी २५०० आणि त्याच्या खालोखाल लागणारी १००० चिन्हे आहेत. एवढी आली की वर्तमानपत्र वाचता येते. आपल्या बालवाडीतल्या मुलाची मुळाक्षरे पन्नासाच्या आसपास आटपतात, हे लक्षात घेतले म्हणजे तिकडच्या पोरांच्या पाठीवरचे ओझे ध्यानात येईल. ते हलके करण्यासाठी १९५६ पासून पुष्कळ चिन्हांच्या रेघा कमी केल्या गेल्या आणि १९५८ साली रोमन लिपीत उच्चार लिहिण्याची 'फिनयिन' नावाची पद्धत आली. तिच्या कामात पुढाकार घेणारे चौ योउक्वांग हे गृहस्थ २०१७ साली वयाच्या एकशे अकराव्या वर्षी वारले. चिनी मूल शाळेत आधी ही पद्धत शिकते आणि तिचा हात धरून चिन्हांकडे जाते. फोनवर लिहितानाही बहुतेक लोक रोमन आवाज टंकतात आणि समोर आलेल्या चिन्हांतून हवे ते निवडतात.

दादाने जी चिन्हे शिकली ती गरजेपोटी. पहिली जोडी 'बाहेर जाण्याचा मार्ग' आणि 'आत येण्याचा मार्ग'. दोन्हींच्या शेवटी चौकोनी खिडकीसारखे एक चिन्ह असते, त्याचा अर्थ तोंड. बाहेरच्या चिन्हात एकावर एक दोन डोंगर ठेवल्यासारखे दिसते. 'दोन डोंगर दिसले की सुटलो', असा दादाचा हिशोब. दुसरी जोडी अर्थातच संडासाच्या दारावरची. पुरुष या चिन्हात वर चार खाचरांचे शेत आणि खाली बळ या अर्थाचे चिन्ह. म्हणजे शेतात लागणारे बळ तो पुरुष. दादाने अंगणातल्या धुळीत काडीने ते काढून दाखवले तेव्हा आई म्हणाली, "आन् बाया काय बांधावर बसून असत्यात व्हय?" या प्रश्नाचे उत्तर चिनी भाषापंडितांनी काय दिले आहे ते मला कुठे सापडले नाही. खुरपणीच्या हंगामात आमच्या शिवारात कुणाही पंडिताने यावे आणि पाहावे.

वाचण्याची ही कथा, तर बोलण्याची वेगळीच. चिनी भाषेत एकच अक्षर चार सुरांत म्हटले की चार अर्थ होतात. 'माय' हा शब्द सूर आधी खाली दाबून मग उचलून म्हटला तर विकत घेणे, आणि वरून खाली आपटला तर विकणे. भाजीबाजारात दादा पहिल्या आठवड्यात टोमॅटो विकायला उभा असल्यासारखा बोलत होता. पण गंमत अशी की, काही बाबतींत मराठी माणसाला तिथे इंग्रजी माणसापेक्षा सोपे जाते. इंग्रजाला प आणि फ, त आणि थ, क आणि ख यांतला श्वासाचा फरक मुद्दाम शिकवावा लागतो. चिनी भाषा तर याच फरकावर उभी आहे, आणि आपल्याला तो आईच्या दुधाबरोबर मिळालेला असतो. फिनयिनमधला बी म्हणजे आपला प, डी म्हणजे आपला त, जे म्हणजे आपला च. म्हणून आपण ज्याला बीजिंग म्हणतो ते त्यांचे पेइचिंग. आणखी एक मजा. चाक आणि चूल यांतला जो दातांवरचा च आहे, ज्यासाठी पुण्याबाहेरचे हिंदी भाषिक धडपडतात, तो चिनी भाषेत आहे. शिकवणाऱ्या बाईंनी दादाच्या तोंडून तो पहिल्या फटक्यात ऐकला आणि पुन्हा म्हणायला लावला. तीन महिन्यांतली त्याची हीच एक शाबासकी.

नात्यांचेही असेच. इंग्रजीत आत्या, मावशी, काकू, मामी सगळ्यांना एकाच शब्दात बसवतात. चिनी लोक आपल्यासारखे आहेत. वडिलांची बहीण वेगळी, आईची बहीण वेगळी, मामा वेगळा, आणि वडिलांचा थोरला भाऊ व धाकटा भाऊ यांनाही निराळे शब्द. अनोळखी माणसाला हाक मारतानाही नाते जोडायची तीच रीत. गाडीवानाला किंवा कारागिराला 'शिफू' म्हणायचे, म्हणजे साधारण आपला 'मिस्त्री' किंवा 'उस्ताद'. आणि मध्यम वयाच्या बाईला म्हणायचे 'आयी'. त्याचा अर्थ मावशी. कारखान्याच्या खानावळीत वाढणाऱ्या बाईला सगळी पोरे हाका मारत, "आयी! आयी!" दादा सांगत होता, पहिल्या दिवशी हातात ताट घेऊन तो रांगेत उभा होता, मागून ही हाक आली, आणि त्याने वळून पाहिले. मग काही वेळ त्याला जेवण गेले नाही. हे सांगताना तो हसत होता, पण थोरली काकी पदर तोंडाला लावून आत गेली.

जेवणाविषयी आपल्याकडे जे ऐकायला मिळते त्यातले निम्मे ऐकीव असते. साप, विंचू वगैरे दादाला कुणी वाढले नाहीत. शानतुंगमध्ये भातापेक्षा गव्हाचे पदार्थ अधिक. 'मानथोऊ' म्हणून वाफेवर उकडलेले पिठाचे पांढरे गोळे असतात, ते भाकरीच्या जागी. शिवाय ज्वारी, मका, राळे यांच्या पिठाच्या पातळ घावनासारख्या पोळ्या करतात आणि त्यांत कांद्याच्या जातीची लांब जाड पात कच्चीच गुंडाळून खातात. भाकरीवर बुक्कीने फोडलेला कांदा खाणाऱ्याला हे परके वाटायचे कारण नाही. रोजच्या आधाराला टोमॅटो घालून परतलेली अंडी, हा तिथला घरोघरचा पदार्थ. शाकाहारी माणसाचे मात्र हाल होतात. 'मांस नको' म्हटले तर मांसाचे तुकडे घालत नाहीत, पण रस्सा हाडांचाच असतो, कारण त्यांच्या मते तो मांसात मोडत नाही. 'सू' हे चिन्ह लिहिलेली खानावळ सापडली तर ती खरी शाकाहारी. एकादशीला दादाने फळे आणि गरम पाणी एवढ्यावर भागवले.

गरम पाणी हा तर तिथला धर्मच. उन्हाळा असो, हिवाळा असो, खानावळीत बसले की वाफाळते पाणी पुढे येते. कारखान्यात, स्थानकावर, रेल्वेच्या डब्यात उकळत्या पाण्याचे नळ असतात आणि म्हातारेकोतारे आपापली चहाची बाटली घेऊन हिंडतात. चहाला ते 'छा' म्हणतात. आपला चहा त्यांच्याच शब्दावरून आला. पण त्यात दूध नाही आणि साखर नाही. दुधाचा चहा दुकानांतून मिळतो, तो बर्फ घालून, गोड सरबतासारखा. दादाने तिसऱ्या दिवशी भांडे आणि दुधाची पिशवी विकत आणली. पिशवीत दही निघाले.

राळ्यांवरून आठवले. राळ्याला चिनी भाषेत 'शाओमी' म्हणतात, शब्दशः लहान तांदूळ. आमच्या गावात निम्म्या पोरांच्या हातात त्याच नावाचा फोन आहे. कुणालाही ठाऊक नाही की तो खिशात भरडधान्याचे नाव घेऊन फिरतो आहे.

शहरातल्या प्रवासाचे बरे आहे. बसला वाहक नसतो. पुढच्या दाराने चढायचे, पेटीत नाणे टाकायचे किंवा फोन दाखवायचा, मागच्या दाराने उतरायचे. भुयारी रेल्वेत शिरताना प्रत्येकाची पिशवी यंत्रातून जाते. दूरच्या गाड्यांचे वेग ऐकून आमच्या ओट्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. पेइचिंग ते शांघाय हे १३१८ किलोमीटरचे अंतर २०११ साली सुरू झालेल्या मार्गावर जलद गाडी साडेचार तासांच्या आत कापते. मुंबई-दिल्ली जवळजवळ तेवढेच, आणि राजधानी एक्स्प्रेसला पंधरा तासांहून अधिक लागतात. तिकीट कागदाचे नसते, ओळखपत्रच तिकीट. चिनी माणूस कार्ड टेकवून फाटक ओलांडतो, पासपोर्टवाल्याला पुष्कळ ठिकाणी बाजूच्या माणसाकडे जावे लागते.

मजल्यांचा घोटाळा वेगळाच. आपला तळमजला तो त्यांचा पहिला. 'तिसऱ्या मजल्यावर या' असे सांगितले की दादा चौथ्यावर जाई. काही इमारतींत तर चौथा मजलाच नसतो, कारण चार आणि मरण या शब्दांचा आवाज जवळचा आहे. आकडे बोटांनी दाखवण्याची त्यांची रीत मात्र त्याला फार आवडली. एका हाताने दहापर्यंत मोजतात. अंगठा आणि करंगळी ताठ केली की सहा, अंगठा आणि तर्जनी ताठ केली की आठ. बाजारात तोंड बंद ठेवून भाव करता येतो. आम्हा बहिणभावंडांत आता ही खूण रूढ झाली आहे.

पैशाचे काय? नोटा आता क्वचितच कुणी देते. गाडीवरच्या भाजीवाल्याकडेसुद्धा चौकटीचे चित्र लटकलेले, फोन समोर धरायचा की पैसे गेले. हे आपल्याकडेही आहे, म्हणून नवल नाही. पण आपले यूपीआय तिथल्या त्या चित्रांवर चालत नाही. २०२३ पासून परदेशी कार्डे तिथल्या ॲपना जोडणे बरेच सोपे झाले आहे. त्यांतले मुख्य वीचॅट. निरोप, फोन, पैसे, कारखान्याच्या सूचना, सगळे त्याच्यावर. आणि हेच वीचॅट भारतात २०२० च्या जूनपासून बंद आहे. तिथे पोचल्यावर सहकाऱ्याने ते उतरवून दिले, तर नव्या सभासदासाठी आधीच्या सभासदाची हमी लागली. आमच्या पतसंस्थेत कर्जाला जामीनदार लागतो, तसेच. उलट आपले व्हॉट्सॲप, गूगल, यूट्यूब तिथे चालत नाहीत. भारतातले सिमकार्ड परदेशी सेवेवर ठेवले तर व्हॉट्सॲप लागते, पण त्याला पैसे फार पडतात. त्यामुळे काकीला तो आठवड्यातून एकदा, रविवारी, पाच मिनिटे दिसायचा. तिकडचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. इकडे आम्ही जेवायला बसायच्या वेळी तो झोपायला निघालेला असे.

आणि या सगळ्यांवरचा त्याचा शेवटचा उपाय म्हणजे हॉटेलचे कार्ड. पुढे नाव, मागे चिनी चिन्हांत पत्ता. रस्ता चुकला, फोनची बॅटरी संपली की टॅक्सीवाल्यापुढे ते धरायचे. दादाही आधी चेहरा हेरायचा. शक्यतो दप्तर असलेले पोर.

दादाला तीन महिने काढायचे होते. राहायलाच गेलेल्या माणसाचे काय होते, हे पाहायचे तर सोलापूरकडे वळावे लागते. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकले. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या आवाहनावरून जे पाच डॉक्टर १९३८ च्या सप्टेंबरात मुंबईहून बोटीने निघाले, त्यांत कोटणीस होते. अलाहाबादचे डॉ. अटल प्रमुख होते, नागपूरचे डॉ. चोळकर वयाने सर्वांत वडील, आणि डॉ. बसू व डॉ. मुखर्जी हे कलकत्त्याचे. व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटामुळे ही कथा आपल्याला ठाऊक आहे. पण चित्रपटात सगळी माणसे हिंदीत बोलतात, आणि मला जे पाहायचे होते तेच नेमके त्यात हरवते.

हे पाच जण कँटनला उतरले ते बाँबवर्षावात सापडलेल्या शहरात. तिथून हानकौ, मग यांगत्से नदीतून चुंगकिंग. त्यांच्या पाठीमागे ऑक्टोबरात कँटन आणि वूहान दोन्ही शहरे पडली. शहर ओळखीचे होण्याआधीच ते सोडून पुढे जायचे, असा त्यांचा प्रवास होता. चुंगकिंगमध्ये त्यांना चिनी नावे मिळाली. शांतिनिकेतनच्या चीन भवनाशी संबंध असलेले प्राध्यापक थान युनशान यांनी ती दिली, आणि पाचही नावांच्या शेवटी 'ह्वा' म्हणजे चीन हे अक्षर घातले. कोटणीसांचे नाव झाले 'ख तीह्वा'. 'को' चा 'ख' कसा झाला असे वाटेल, पण चिनी चिन्हांत परके नाव बसवायचे म्हणजे जवळपासच्या आवाजावर समाधान मानावे लागते. सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी ह्युएनत्संग आपल्याकडे येऊन गेला, त्याने महाराष्ट्राचे 'मो-हो-ल-छ' केले होते. त्या मानाने कोटणीस सुखरूप सुटले.

याच चुंगकिंगमध्ये त्यांना सोलापूरहून वडील वारल्याची बातमी आली. परत जाण्याची मोकळीक असताना ते गेले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये ते येनानला पोचले आणि पुढे उत्तरेच्या डोंगराळ खेड्यांत, आघाडीवर. म्हणजे चीनच्या शहरांत त्यांचे दिवस थोडेच गेले. पण पाटी न वाचता येणारा डॉक्टर ही फार अवघड अवस्था आहे. माझी आई निदान 'इथं दुखतंय' असे डॉक्टरला मराठीत सांगू शकते. इथे डॉक्टरलाच रोग्याचे बोलणे कळत नव्हते. दुभाषी होते, पण रात्रीच्या वेळी दिव्याच्या उजेडात जखमी शिपाई कण्हत काही सांगतो तेव्हा दुभाषी किती पुरणार? कोटणीस भाषा शिकले, नुसती बोलायला नव्हे, लिहायलाही. डॉ. नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे शल्यविशारद १९३९ साली वारल्यावर त्यांच्या नावाने जे रुग्णालय चालले, त्याचे कोटणीस १९४१ च्या जानेवारीत संचालक झाले. तिथे ते विद्यार्थ्यांना चिनी भाषेत शिकवत आणि शस्त्रक्रियेवरचे पाठ्यपुस्तक त्यांनी चिनी भाषेत लिहिले. बोटीतून उतरताना ज्याला एक चिन्ह येत नव्हते, त्याने तीन-चार वर्षांत त्या भाषेत पुस्तक लिहावे! आम्हाला तीन वर्षांत इंग्रजीच्या एका पेपरात पास होताना घाम फुटतो.

त्याच वर्षी त्यांनी क्वो छिंगलान या परिचारिकेशी विवाह केला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचे नाव 'यिन्ह्वा'. चिनी भाषेत भारताला 'यिन्तू' म्हणतात. त्यातला 'यिन' आणि चीनचा 'ह्वा' अशी दोनच चिन्हे. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. त्यांची समाधी शिच्याच्वांग शहरातल्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत आहे. सोलापुरात २०१२ साली त्यांचे स्मारक झाले. यिन्ह्वाही पुढे वैद्यकीच शिकत होता, पण १९६७ साली, पंचविशीच्या आतच तो वारला. ही गोष्ट चित्रपटानंतरची, म्हणून आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाही.

दादाला मी कोटणीसांच्या पुस्तकाविषयी सांगितले तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मला साठ-सत्तर चिन्हं आली. त्यातली निम्मी आता विसरलो." पाकीट उघडून त्याने ते हॉटेलचे कार्ड काढले. अजून जपून ठेवले आहे. आईने ते हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, "ही तुझी चिठ्ठी व्हय."

दिवाळीच्या सुट्टीत मी पाटीवर 'शिरूर' आणि 'शिक्रापूर' शेजारी शेजारी लिहून तिच्यापुढे ठेवले. तिने बोट फिरवत फिरवत स्वतःच खूण शोधली. "ह्याच्या पोटात फाटा हाय," असे 'क्र'वर बोट ठेवून म्हणाली. मग 'कारेगाव' मागितले. ते लांब आहे, म्हणून दोन दिवस लागले. गेल्या महिन्यात ती पुण्याहून एकटी आली. चिठ्ठी जवळ होती, पण कुणाला दाखवली नाही म्हणाली.